डोव्हरचा बिशप : उसन्या अधिकाराची गोष्ट

१/
इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, फ्रान्सच्या किनाऱ्यासमोर, डोव्हर नावाचे बंदर आहे. या गावाच्या नावाने एक बिशप असतो. गावात त्याचे कॅथीड्रल नाही. गाव हा त्याचा स्वतंत्र धर्मप्रांतही नाही. ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात या पदाला आसन नाही. तरीही कँटरबरी या इंग्लंडच्या सर्वांत मानाच्या धर्मप्रांताचा रोजचा कारभार आज याच पदाकडे आहे.

हे पद १५३४ च्या एका कायद्यातून जन्मले, १५९७ मध्ये रिकामे झाले आणि तब्बल २७३ वर्षांनी पुन्हा भरले गेले. आजचा थ्रेड या पदाविषयी. 🧵

२/
आधी थोडी परिभाषा. चर्चच्या प्रशासनाचा मूळ घटक म्हणजे धर्मप्रांत. त्याचा प्रमुख बिशप. नव्या पुरोहितांना दीक्षा देणे, बाप्तिस्मा झालेल्यांचे दृढीकरण करणे, नव्या चर्चचे समर्पण करणे ही कामे इंग्लिश परंपरेत बिशपनेच करावयाची असतात. साध्या पुरोहिताला ती करता येत नाहीत.

अनेक धर्मप्रांतांवर एक आर्चबिशप असतो. इंग्लंडमध्ये असे दोन आहेत : कँटरबरीचा आणि यॉर्कचा. आर्चबिशपला स्वतःचाही एक धर्मप्रांत असतो, आणि तेथील सर्व कामे त्याच्याच नावावर असतात. आपल्या गोष्टीचे मूळ याच दुहेरी जबाबदारीत आहे.

३/
'सफ्रगन' हा शब्द लॅटिनमधून आला. मूळ अर्थ आधार किंवा पाठिंबा देणारा. रोमन कॅथलिक परिभाषेत आर्चबिशपच्या हाताखालील प्रत्येक धर्मप्रांताच्या बिशपला सफ्रगन म्हणतात. अँग्लिकन चर्चमध्ये मात्र धर्मप्रांताच्या मुख्य बिशपला मदत करणारा दुय्यम बिशप, या अर्थाने तो रूढ झाला. या थ्रेडमध्ये हा दुसरा अर्थ घ्यावा.

४/
मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांना यासाठी एक ओळखीचा शब्द आहे : मुतालिक. अष्टप्रधानांपैकी अनेकांना मोहिमेवर जावे लागे. त्यांच्या गैरहजेरीत त्यांच्या नावाने दफ्तर चालवणारा तो मुतालिक. काम त्याचे, अधिकार मूळ पदाधिकाऱ्याचा.

सफ्रगन बिशप बराचसा असाच. परंतु एक मोठा फरक आहे. मुतालिकाची नेमणूक संपली की तो पुन्हा साधा कारकून. सफ्रगनचा मात्र बिशप म्हणून अभिषेक झालेला असतो, आणि चर्चच्या समजुतीनुसार हा अभिषेक आजन्म टिकतो. बिशपपण कायमचे, पण अधिकार उसना. हा विरोधाभास पुढे अनेकदा भेटेल.

५/
मुळात बिशपला मदतनीस का लागावा? कारण मध्ययुगीन इंग्लंडमधील अनेक बिशप आपल्या धर्मप्रांतात नसतच. ते राजाचे मंत्री, वकील, राजदूत असत. धर्मप्रांताचे उत्पन्न हाच जणू त्यांचा पगार होता.

कार्डिनल वुल्झी हे टोकाचे उदाहरण. तो १५१४ मध्ये यॉर्कचा आर्चबिशप झाला. परंतु आठव्या हेन्रीचा सर्वशक्तिमान मंत्री म्हणून त्याची सगळी हयात दरबारात गेली. राजाची मर्जी उडाल्यावर १५३० मध्ये तो प्रथमच आपल्या धर्मप्रांताकडे निघाला आणि यॉर्कमध्ये गादीवर बसण्याआधीच पकडला गेला.

६/
मालक दूर असला तरी माणसे दीक्षा आणि दृढीकरणाची वाट पाहतच असतात. त्यावर पोपच्या व्यवस्थेत एक तोड होती. मुस्लिम राजवटींखाली गेलेल्या पूर्वेकडील जुन्या ख्रिस्ती शहरांच्या नावाने बिशप नेमायचे आणि त्यांना इंग्लंडमध्ये कामाला लावायचे.

कँटरबरीच्या आर्चबिशपच्या हाताखाली 'सायडनचा बिशप' असे. सायडन म्हणजे आजच्या लेबनॉनमधील एक बंदर. ते त्याने कधी पाहण्याचे कारण नव्हते. पदवी समुद्रापलीकडची, काम केंट परगण्यातले, आणि नेमणुकीची किल्ली रोममध्ये.

७/
१५३४ मध्ये ही किल्ली निकामी झाली. त्या वर्षाच्या अखेरीस भरलेल्या संसदेने आठव्या हेन्रीला इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख मानले. पोपचा अधिकार गेला, तसा त्याच्याकडून मिळणाऱ्या पदव्यांचा मार्गही बंद झाला. दीक्षा आणि दृढीकरणाची गरज मात्र होती तशीच राहिली.

म्हणून त्याच अधिवेशनात सफ्रगन बिशपांचा कायदा झाला. सर्वोच्च प्रमुखपदाच्या कायद्याची चर्चा प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. हा धाकटा भाऊ सहसा तळटिपेत सापडतो.

८/
कायद्याने २६ ठिकाणांची यादी दिली. थेटफर्ड, इप्सविच, कोल्चेस्टर, डोव्हर, गिल्डफर्ड, साउथॅम्प्टन, बेडफर्ड, लेस्टर, ग्लॉस्टर, ब्रिस्टल, श्रूजबरी, नॉटिंगहॅम, हल, केंब्रिज, एवढेच काय, आयल ऑफ वाइट हे बेटसुद्धा त्यात होते.

सायडनसारख्या दूरच्या शहरांची जागा आता इंग्लंडच्या बाजारपेठांनी आणि बंदरांनी घेतली. पदवी देशातलीच असावी आणि ती देणाराही देशातलाच असावा, हा त्यामागचा राजकीय अर्थ उघड होता.

९/
नेमणुकीची पद्धत अशी. मुख्य बिशपने राजाकडे दोन नावे पाठवायची. राजाने त्यांपैकी एक निवडून त्याला यादीतल्या एखाद्या गावाची पदवी द्यायची. मग अभिषेक.

पुढचे कलम महत्त्वाचे. सफ्रगनने केवळ मुख्य बिशपने लेखी सनदेने दिलेले अधिकार वापरायचे, आणि तेही सनदेत जेवढे व जोवर दिले असतील तेवढेच. मर्यादा ओलांडल्यास मालमत्ताजप्ती आणि कैद होईल एवढी कठोर तरतूद होती. धर्मप्रांताच्या उत्पन्नावर त्याचा हक्क नव्हता. पोटापाण्यासाठी फार तर दोन चर्चची वतने त्याला ठेवता येत.

१०/
म्हणजे कायद्याने एक विलक्षण पद निर्माण केले. डोव्हरचा बिशप दीक्षा देऊ शकत होता. परंतु कोणाला, कोठे आणि केव्हा, हे तो स्वतः ठरवू शकत नव्हता. त्याच्या अधिकाराचा उगम वरच्या माणसात होता.

आता प्रश्न असा की वरचा माणूस, किंवा त्याच्याही वरचा राजा, धोरण बदलेल तेव्हा या पदावरचा माणूस काय करील? पुढच्या ६० वर्षांत डोव्हरच्या तीन बिशपांनी त्याची तीन उत्तरे दिली.

११/
पहिला रिचर्ड इंगवर्थ. डिसेंबर १५३७ मध्ये त्याचा अभिषेक झाला. तो डॉमिनिकन भिक्षू होता. किंग्ज लँग्ली येथील मठाचा प्रमुख.

येथे मठवासी आणि भिक्षू यांतील फरक ध्यानात घ्यावा. मठवासी जमीनजुमला असलेल्या मठांत राहत. भिक्षुसंघ शहरांत राहून प्रवचने करीत आणि दानावर जगत. त्यामुळे ते गरीब, कर्जबाजारी आणि लोकांच्या रोजच्या परिचयाचे होते. त्यांची निष्ठा पोपशी जोडलेली मानली जाई, आणि हेन्रीच्या सरकारला नेमके तेच खुपत होते.

१२/
१५३८ च्या फेब्रुवारीत इंगवर्थला एक सरकारी कामगिरी मिळाली : इंग्लंड-वेल्समधील भिक्षूंच्या मठांची तपासणी. ती देणारा राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल. (पुढच्या शतकातल्या ऑलिव्हर क्रॉमवेलशी गल्लत नको.)

नाव तपासणीचे असले तरी तिचा शेवट बहुधा शरणागतीत होई. इंगवर्थ गावोगाव फिरला. भांडीकुंडी, घंटा, छपरावरचे शिसे, कर्जे यांच्या याद्या झाल्या. नियमांप्रमाणे कडक राहा, नाही तर घर राजाच्या स्वाधीन करा, अशी निवड भिक्षूंपुढे ठेवली जाई. दान आटलेल्या घरांना पहिला पर्याय परवडणारा नव्हता. १५३९ च्या वसंतापर्यंत देशातील भिक्षूंचे सर्व मठ बंद झाले.

१३/
या काळातील इंगवर्थची क्रॉमवेलला लिहिलेली पत्रे आज उपलब्ध आहेत, आणि ती वाचताना माणूस दिसतो. घराबाहेर पडलेल्या भिक्षूंना साधे पुरोहित म्हणून काम करता यावे यासाठी परवाने लागत. ते त्यांना मिळावेत म्हणून तो रदबदली करतो. त्यांची दैना तो लपवीत नाही.

क्रॉमवेलला ही सहानुभूती रुचली नाही. झगा बदलला तरी तुझे भिक्षूचे काळीज बदललेले नाही, असा ठपका त्याने ठेवला. त्यावर इंगवर्थचे उत्तर गयावया करणारे आहे : आपले भिक्षूचे काळीज झग्याच्या दोन वर्षे आधीच गेले होते, असे तो लिहितो.

१४/
हे उत्तर प्रामाणिक होते की भीतीपोटी दिलेले? पत्रावरून निर्णय देता येत नाही. परंतु त्याची स्थिती लक्षात घ्या. ज्या व्रतात तो वाढला, त्याच व्रताची घरे तो बंद करीत होता. मुख्य बिशपला निदान स्वतःचे उत्पन्न, स्वतःचा वाडा, सरदारसभेतील आसन असे. इंगवर्थजवळ यांतले काहीही नव्हते. सनद काढून घेतली तर उरणार होती ती केवळ पदवी.

१५/
दुसरा रिचर्ड थॉर्नडेन. हा कँटरबरी कॅथीड्रलच्या मठातील मठवासी. मठ विसर्जित झाल्यावर नव्या व्यवस्थेत तो त्याच कॅथीड्रलचा वतनदार पुरोहित झाला.

आर्चबिशप थॉमस क्रॅनमर हा सुधारणावादी, म्हणजे प्रॉटेस्टंट विचारांचा. १५४३ मध्ये कॅथीड्रलच्या जुन्या मताच्या पुरोहितांनी त्याच्याविरुद्ध कट केला. थॉर्नडेन त्यात होता. कट उघड झाला, पण क्रॅनमरने त्याला क्षमा केली. एवढेच नव्हे तर १५४५ मध्ये तोच डोव्हरचा सफ्रगन बिशप झाला.

१६/
जुलै १५५३ मध्ये कॅथलिक पंथाची मेरी राणी गादीवर आली. कायदा बदलण्याच्या आधीच कँटरबरी कॅथीड्रलमध्ये लॅटिन मिस्सा पुन्हा सुरू झाली, आणि ती सुरू करणारा होता थॉर्नडेन. क्रॅनमर तेव्हा लंडनजवळ लँबेथ येथे होता.

अफवा उठली की आर्चबिशपच्याच संमतीने हे घडले. क्रॅनमर भडकला. त्याने जाहीर निवेदन लिहिले : मिस्सेला माझी संमती नाही, हे एका ढोंगी मठवाशाचे काम आहे. या निवेदनाच्या प्रती लंडनभर पसरल्या. सप्टेंबरात क्रॅनमरला टॉवरमध्ये कैद झाली.

१७/
थोडे थांबून या घटनेची रचना पाहू. थॉर्नडेन कॅथीड्रलमध्ये जे करील ते लोकांच्या लेखी आर्चबिशपचेच कृत्य होते, कारण तो त्याचाच सफ्रगन होता. उसन्या अधिकाराचा धोका देणाऱ्यालाही असतो. हाताखालच्या माणसाची कृती वरच्याच्या खात्यावर जमा होते. क्रॅनमरला ती नाकारण्यासाठी जे लिहावे लागले, तेच त्याच्या अटकेचे निमित्त ठरले.

मार्च १५५६ मध्ये क्रॅनमरला ऑक्सफर्डमध्ये जिवंत जाळण्यात आले.

१८/
थॉर्नडेन मात्र पदावर राहिला. मेरीच्या संसदेने पोपविरोधी कायद्यांबरोबर १५३४ चा सफ्रगन कायदाही रद्द केला, तरी त्याचे बिशपपण गेले नाही. अभिषेक टिकतो, तो असा.

आर्चडीकन निकोलस हार्प्सफील्डबरोबर तो केंटमधील प्रॉटेस्टंटांच्या खटल्यांत न्यायासनावर बसला. मेरीच्या राज्यात एकट्या कँटरबरीत सुमारे ४० माणसे जाळली गेली. मेरीची राजवट संपण्याच्या सुमारास थॉर्नडेनही वारला. हेन्री, एडवर्ड आणि मेरी या तिन्ही राजवटींत तो कँटरबरीत स्थानावर होता.

१९/
तिसरा रिचर्ड रॉजर्स. एलिझाबेथने १५५९ मध्ये जुना कायदा पुन्हा जिवंत केला. १५६० च्या दशकाच्या अखेरीस आर्चबिशप मॅथ्यू पार्करच्या काळात रॉजर्स डोव्हरचा बिशप झाला. मेरीच्या काळात परागंदा व्हावे लागलेल्यांपैकी तो एक.

त्याच्या कारकिर्दीत मठ फुटले नाहीत, चिता पेटल्या नाहीत. त्याने कामे केली. १५८४ पासून तो कॅथीड्रलचा डीनही होता. १५९७ मध्ये तो वारला आणि त्याच्या जागी कोणीही नेमले गेले नाही.

२०/
कोल्चेस्टरचा सफ्रगन जॉन स्टर्न १६०० नंतरही काही वर्षे होता. तो गेल्यावर देशात एकही सफ्रगन उरला नाही. पद रद्द करणारा कायदा मात्र कोणी केला नाही. १६०४ च्या चर्च-नियमांत सफ्रगनचा उल्लेख आहे. १६६० मध्ये दुसऱ्या चार्ल्सने जाहीरनाम्यात सफ्रगन नेमण्याचे आश्वासन दिले. घडले काहीच नाही.

कायद्याच्या पुस्तकात जिवंत आणि व्यवहारात मृत, अशा अवस्थेत हे पद पावणेतीनशे वर्षे पडून राहिले.

२१/
एकोणिसाव्या शतकाने चित्र पालटले. १८०१ मध्ये इंग्लंड-वेल्सची लोकसंख्या सुमारे ८९ लाख होती. १८७१ मध्ये ती सुमारे २ कोटी २७ लाख झाली. गिरण्यांची शहरे वाढली, पण धर्मप्रांतांची रचना बव्हंशी जुनीच. नवी भर म्हणजे १८३६ मध्ये रिपन आणि १८४७ मध्ये मँचेस्टर. त्यातही मँचेस्टरच्या वेळी संसदेने स्पष्ट केले की सरदारसभेतील बिशपांची संख्या २६ च्या पुढे जाणार नाही.

शिवाय १८६९ पर्यंत वृद्ध बिशपांना निवृत्त होण्याची नीट कायदेशीर सोय नव्हती. बहुतेक बिशप मरेपर्यंत पदावर राहत. वसाहतींतून परतलेल्या बिशपांच्या मदतीने वेळ मारून नेली जाई.

२२/
अशा वेळी १५३४ च्या कायद्याची आठवण झाली. नवे धर्मप्रांत करायचे तर नवा कायदा, नवा पैसा आणि संसदेत वाद. सफ्रगन नेमायला यांतले काही लागत नव्हते. कायदा तयार होता आणि या बिशपांना सरदारसभेत आसनही नव्हते.

फेब्रुवारी १८७० मध्ये हेन्री मॅकेंझी नॉटिंगहॅमचा बिशप झाला. मार्चमध्ये एडवर्ड पॅरी डोव्हरचा. आर्चबिशप टेट १८६९ च्या अखेरीस गंभीर आजारी पडला होता. त्याला मदतीची निकड होती. पॅरी हा उत्तर ध्रुवाकडील मोहिमांसाठी प्रसिद्ध असलेल्या विल्यम एडवर्ड पॅरीचा मुलगा. रॉजर्सनंतरचा डोव्हरचा हा पहिला बिशप.

२३/
जुना कायदा वापरण्याची एक गंमतीदार अडचण होती : नावे त्या २६ मधलीच घ्यावी लागत. १८७९ मध्ये लंडनच्या गरीब पूर्व भागासाठी विल्यम वॉल्शम हाऊ याला नेमले, पण पदवी मिळाली 'बेडफर्डचा बिशप'. बेडफर्ड लंडनच्या धर्मप्रांतातही नव्हते. सार्वजनिक गाडीने हिंडणारा म्हणून लोकांनी त्याला 'ऑम्निबस बिशप' असे नाव दिले.

१८८८ मध्ये रिपनच्या सफ्रगनला पेनरिथची पदवी घ्यावी लागली, जे गाव दुसऱ्याच धर्मप्रांतात होते. त्याच वर्षी नवा कायदा झाला आणि यादीबाहेरच्या गावांची नावे घेण्याची मुभा मिळाली. पुढच्या वर्षी पेनरिथचे रिचमंड झाले.

२४/
यादीतील काही गावांचे नशीब वेगळे ठरले. ग्लॉस्टर आणि ब्रिस्टल हेन्रीच्याच काळात स्वतंत्र धर्मप्रांत झाले. लेस्टर आणि गिल्डफर्ड १९२० च्या दशकात.

महाराष्ट्रातही याच्याशी मिळतेजुळते उदाहरण आहे. येथे १५३४ चा इंग्लिश कायदा नव्हता, पण मदतनीस बिशपची कल्पना होती. संपूर्ण हिंदुस्थानसाठी १८१४ मध्ये कलकत्त्याला एकच अँग्लिकन बिशप नेमला गेला. त्यातून १८३७ मध्ये मुंबईचा धर्मप्रांत निघाला. मुंबईचे सहायक बिशप फिलिप लॉइड हे १९२९ मध्ये नव्या नाशिक धर्मप्रांताचे पहिले बिशप झाले.

डोव्हर मात्र कधीच स्वतंत्र झाले नाही. त्याच्या बाबतीत उलटेच घडले : वरचा माणूस दूर गेला.

२५/
१८६७ मध्ये आर्चबिशपच्या निमंत्रणावरून जगभरचे ७६ अँग्लिकन बिशप लँबेथ येथे जमले. तेव्हापासून कँटरबरीचा आर्चबिशप हा जागतिक अँग्लिकन परिवाराचा केंद्रबिंदू होत गेला. प्रवास, परिषदा, राष्ट्रीय समारंभ, संसद. केंटमधील गावच्या चर्चला द्यायला वेळ कोठून येणार?

१९८० मध्ये, रॉबर्ट रन्सी आर्चबिशप झाले त्या वर्षी, कँटरबरी धर्मप्रांताचा जवळजवळ सर्व कारभार डोव्हरच्या बिशपकडे सोपवला गेला. तेव्हाचे बिशप रिचर्ड थर्ड. कायद्याने सफ्रगन, व्यवहारात धर्मप्रांताचा मुख्य बिशप. राजा दरबारात आणि मुतालिक गडावर, असा हा मामला.

२६/
याच यंत्रणेचा आणखी एक उपयोग पुढे निघाला. चर्च ऑफ इंग्लंडने १९९४ मध्ये स्त्रियांना पुरोहितदीक्षा देणे सुरू केले. विरोध असलेल्या चर्चसमूहांसाठी स्वतंत्र बिशप हवे होते. म्हणून कँटरबरीच्या आर्चबिशपचे सफ्रगन या नात्याने एब्सफ्लीटचा (१९९४) आणि रिचबरोचा (१९९५) बिशप ही पदे तयार झाली. रिचबरो म्हणजे मुख्यतः एका रोमन किल्ल्याचे अवशेष.

हेन्रीच्या काळातील सोय आता चर्चमधील मतभेद एका छपराखाली ठेवण्यासाठी वापरात आली.

२७/
दुसऱ्या बाजूने बदलही याच पदांतून आला. जानेवारी २०१५ मध्ये लिबी लेन या चर्च ऑफ इंग्लंडच्या पहिल्या स्त्री बिशप झाल्या; पद होते स्टॉकपोर्टच्या सफ्रगनचे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये रोज हडसन-विल्किन डोव्हरच्या बिशप झाल्या. जन्म जमैकातील माँटेगो बे येथे. त्याआधी त्या ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या सभापतींच्या चॅप्लेन होत्या. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये बिशप झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. ज्या जमैकात १८३४ पर्यंत ब्रिटिश कायद्याने गुलामगिरी चालत होती, तेथील कन्येकडे कँटरबरी धर्मप्रांताचा कारभार आला.

२८/
जानेवारी २०२५ मध्ये जस्टिन वेल्बी पदावरून गेले आणि आर्चबिशपची गादी रिकामी झाली. धर्मप्रांताचा रोजचा कारभार आधीपासूनच डोव्हरकडे असल्यामुळे तो थांबण्याचे कारण नव्हते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सारा मलली यांची निवड जाहीर झाली : कँटरबरीच्या गादीसाठी निवडली गेलेली पहिली स्त्री. बिशप म्हणून त्यांची सुरुवात २०१५ मध्ये क्रेडिटनच्या सफ्रगन पदावर झाली होती.

२९/
मग या पदाचा इतिहास आपल्याला काय सांगतो?

इंगवर्थच्या हातून मठ बंद झाले, थॉर्नडेनच्या हातून मिस्सा परत आली आणि माणसे चितेपर्यंत पोहोचली, रॉजर्सने शांतपणे दफ्तर सांभाळले, पॅरीने आजारी आर्चबिशपला आधार दिला. पदाची व्याख्या या सर्वांसाठी एकच होती. त्या त्या वेळी अधिकार देणारा कोण होता आणि त्याला काय हवे होते, त्यानुसार पदाचे काम बदलले. माणसाच्या सदसद्विवेकाला जी थोडी जागा उरली, तिचा उपयोग प्रत्येकाने आपापल्या परीने केला. इंगवर्थने भिक्षूंच्या परवान्यांसाठी पत्रे लिहिली, तीही त्याच जागेतून.

३०/
इतिहासात एखादे पद दिसले की आपण आधी त्याची पदवी आणि मानमरातब पाहतो. त्यासोबत दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : याला अधिकार कोणी दिला, आणि तो काढून कोण घेऊ शकतो? मुतालिक, नायब, कारभारी, दिवाण, रीजंट, सफ्रगन. शब्द कोणताही असो, हे प्रश्न लागू पडतात.

आणि कायद्यांविषयी एक. विसरलेला कायदा मेलेला असतोच असे नाही. पोपशी भांडताना घाईने केलेला एक कायदा ३३६ वर्षांनी गिरण्यांच्या शहरांसाठी उपयोगी पडला, आणि त्याच्याच आधाराने आजही सफ्रगन बिशप नेमले जातात.

थ्रेड समाप्त. आपल्या भागातील इतिहासात असे एखादे 'उसन्या अधिकाराचे' पद आपल्याला ठाऊक असेल, तर खाली अवश्य लिहा. 🙏